शेजाऱ्यांनी विचारलेली नहर

जानेवारीतल्या एका सकाळी मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात आमच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, बर्फाचा एक फुगवटा दिसला. चार दिवसांत बर्फ पडला नव्हता, तरी तो वाढत होता. म्हणजे खालून पाणी झिरपत होतं आणि वर येऊन गोठत होतं. मी सिटीला फोन केला. दोन माणसं ट्रक घेऊन आली, त्यांनी रस्त्यावर निळ्या रंगाच्या रेघा मारल्या, पण नेमकं खोदायचं कुठे यावर दोघांचं काही जमेना.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. कृष्णवर्णीय, उंच, अंगात जाड कोट, हातात पुरुषभर उंचीची लोखंडी सळई. महिन्याभरापूर्वीच ते आपल्या मुलीकडे राहायला आले होते. तोवर आमचं हात हलवण्यापलीकडे काही बोलणं झालं नव्हतं. त्यांनी त्या दोघांना काही विचारलं नाही. सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग चार पावलं पुढे गेले, पुन्हा तेच. पुन्हा दोन पावलं मागे. शेवटी बुटाच्या टाचेने बर्फावर एक फुली केली आणि म्हणाले, "इथे."

तिथे खोदलं. पाइप तिथेच फुटला होता.

मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. दिवसभर सेन्सरांनी पाठवलेले आकडे बघते. एवढा मोठा माणूस कानाला सळई लावून जमिनीखालचं सांगतो, हे बघून मला राहवलं नाही. दुपारी आल्याचा चहा थर्मासमध्ये भरला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

ते डेट्रॉइट शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. एकोणिसाव्या वर्षी चर खणायला लागले, आणि शेवटची वीस वर्षं गळती शोधायचं काम केलं. "मशिनं आली," ते म्हणाले, "पण मशिनला ट्रकचा आवाज आणि पाण्याचा आवाज सारखाच वाटतो. मला नाही वाटत." त्यांची आजी आलाबामातून, कापसाच्या शेतावरून, दोन लेकरं आणि एक पेटी घेऊन रेल्वेने डेट्रॉइटला आली होती. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि मग मला विचारलं, "तू कुठली?"

"इंडिया," मी म्हणाले.

"ते कळलं. इंडियात कुठली?"

इथे असं कुणी सहसा विचारत नाही. विचारलं तर मी मुंबईजवळची म्हणून मोकळी होते, कारण पुढचं सांगायला नकाशा लागतो. त्या दिवशी मात्र मी खरं सांगितलं. औरंगाबाद, आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर.

ते चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग उठून आत गेले आणि एक जाड वही घेऊन आले. त्यांच्या चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी एक वर्ग भरायचा. आफ्रिकेतून नेलेली माणसं जगात कुठे कुठे गेली, ते सगळे मिळून वाचायचे आणि प्रत्येकाने एकेक भाग समजावून सांगायचा. ब्राझील, क्युबा, हैती झालं होतं. आता हिंदी महासागराची बाजू आली होती आणि ती यांच्या वाट्याला आली होती. वहीचं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर धरलं. मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं होतं: खडकी.

"हे तुझ्याच गावाचं जुनं नाव ना? ते गाव एका आफ्रिकन माणसाने वसवलं."

"नाही हो," मी लगेच म्हणाले. "आमचं शहर मुघलांचं. बादशहाच्या नावावरून तर नाव पडलं होतं."

"नाव नंतर पडलं. आधी कुणाचं होतं?"

ज्या गावात मी जन्मले, शाळेत गेले, कॉलेज केलं, त्या गावाबद्दल मिशिगनमधला एक म्हातारा माणूस मला विचारत होता. मला शाळेतलं आठवत होतं ते जंजिऱ्याच्या सिद्दीचं. तो समुद्रातला शत्रू. तो कुठून आला, कसा आला, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन लावला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आई गेल्यापासून बेगमपुऱ्यातल्या घरात एकटेच राहतात. आमचं बोलणं ठरलेलं. जेवलात का, गोळी घेतली का, नात काय करते. त्या दिवशी मी विचारलं, "बाबा, आपलं शहर कुणी वसवलं?"

"आता हे काय काढलंस सकाळी सकाळी?"

"तुमच्याकडे संध्याकाळ आहे बाबा. सांगा ना."

"त्या हबशानं. निजामशाहीचा वजीर होता तो. नहर त्याचीच की. एवढं बी माहीत नाही तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं. आणि बाबांना माहीत असून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. नहर आमच्या घराच्या मागूनच जाते. डोंगरातून पाणी घेऊन येणारा, जमिनीखालचा दगडी मार्ग. मध्ये मध्ये विहिरीच्या तोंडासारखे झरोके आहेत. लहानपणी आम्ही त्यांत खडे टाकायचो आणि आवाज यायची वाट बघायचो. उन्हाळ्यात घरचा नळ कोरडा पडला की आई आम्हाला नहरीच्या हौदावर घागर घेऊन पाठवायची. मी त्या माणसाने आणलेलं पाणी प्यायले होते.

मग मी वाचायला लागले. रात्री नाही, ऑफिसच्या लंचमध्ये. कळलं ते असं. साधारण पावणेपाचशे वर्षांपूर्वी इथिओपियात एक मुलगा जन्मला. कुणी म्हणतं त्याला लढाईत पकडलं, कुणी म्हणतं आईबापांनीच गरिबीपायी विकलं. तो येमेनमधल्या मोख्याच्या बाजारात विकला गेला, मग बगदादला, मग दख्खनमध्ये. अहमदनगरच्या दरबारातल्या ज्या सरदाराने त्याला विकत घेतलं तो स्वतःही हबशीच होता, एके काळी गुलामच असलेला. सरदार वारला, त्याच्या विधवेने याला मोकळं केलं. पुढे त्याने फौज जमवली, निजामशाही सांभाळली, मराठा सरदारांना बरोबर घेऊन मुघलांना वर्षानुवर्षं डोंगरदऱ्यांत दमवलं, आणि खडकी नावाच्या खेड्यात राजधानी वसवली. पाणी नव्हतं म्हणून नहर बांधली. दरबारी लोक हसले होते म्हणे, की हे पाणी कधी येणार नाही.

पुस्तकात त्याचं जे नाव आहे ते त्याच्या आईने ठेवलेलं नाही. मालक बदलत गेले तसं नावही बदललं. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जसं काही मी हवापाण्याचं सांगत होते. "माझं आडनावही मालकाचंच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मला एक झेरॉक्स दाखवली. आलाबामातल्या कुठल्याशा जुन्या जनगणनेचा कागद. वर मालकाचं नाव, आणि खाली रांगेने वय, स्त्री की पुरुष, रंग. गुलामांच्या नावासाठी रकानाच नव्हता. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ ओढली होती. "हा माझ्या आजीचा आजोबा असावा. वय जुळतं. त्याच्या मागे मला जाता येत नाही. म्हणून मी दुसऱ्यांचं वाचतो."

त्यांना नहरीबद्दल हजार प्रश्न होते. उतार किती? दर किती अंतरावर झरोका? नळ कशाचे? गाळ कसा काढायचे? मी म्हणाले, "मी सॉफ्टवेअरवाली आहे. मला नाही यातलं कळत."

"तुझ्या वडिलांना कळेल का?"

असं ते व्हिडिओ कॉलचं ठरलं. आमची सकाळी सातची वेळ म्हणजे बाबांचे संध्याकाळचे साडेपाच. शनिवार होता. शेजारी बरोबर सातला आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, वही उघडून. माझी चौदा वर्षांची मुलगी पायजम्यातच सीरियल खात होती. फोनवर बाबा दिसले. स्वेटर, कानटोपी, आणि मागे झाडी. ते घरामागच्या झरोक्यापाशी पोचले होते. त्यांनी शेजाऱ्यांना नमस्कार केला. शेजाऱ्यांनीही हात जोडले, जरा वाकडेच.

"त्यांना सांग," बाबा मला म्हणाले, "झाकण मी काल सरकवून ठेवलं. दोन पोरं लावावी लागली."

"बाबा, तुम्ही सरकवलंत? कंबर दुखतेय ना तुमची?"

"उभा राहिलो नुसता. हुकूम सोडले."

मी इंग्रजीत सांगितलं. शेजारी हसले. म्हणाले, "मीपण शेवटची दहा वर्षं तेच केलं."

मग त्यांनी सांगितलं, फोन झरोक्यात खाली धरा, जमेल तितका आत. बाबांनी फोनला सुतळी बांधली. अगदी वर्कशॉपमधल्यासारखी, दोन गाठी मारून. चित्रात अंधार आला, दगडाची ओली कड आली, मग काहीच दिसेना. शेजाऱ्यांनी आमचा फोन उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. माझ्या मुलीने चमचा हवेतच धरला होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वाहतंय. जास्त नाही. पण ओढ आहे, साचलेलं नाही. आणि थोडं पुढे कुठेतरी ते खाली पडतंय, वीतभर असेल. तिथे एक पायरी असणार. किंवा दगड ढासळलाय."

मी बाबांना ओरडून सांगितलं. बाबांनी फोन वर ओढला. त्यांचा चेहरा पुन्हा दिसला. "पायरी नाही," ते म्हणाले. "चारपाच वर्षांखाली पुढच्या गल्लीत घर बांधताना नहर खचली होती. पण ह्यांना तिथं बसून कसं कळलं?"

"आई, दॅट्स क्रेझी," मुलगी म्हणाली. तिने सीरियलचा बाउल बाजूला सारला आणि आजोबांना विचारलं, "आजोबा, कॅन यू पुट इट इन अगेन?"

आजोबांना इंग्रजी कळलं नाही, पण तिच्या हाताच्या खुणा कळल्या. त्यांनी फोन पुन्हा आत सोडला. या वेळी तिने ऐकलं.

त्यानंतर बाबांचे फोन यायला लागले. आधी मीच करायचे, आता ते करायचे. "सांग त्यांना, नळ खापराचे हायत. एक तुकडा मिळाला, फोटो पाठवलाय." "सांग त्यांना, ते मनोरे दिसतात ना, बंबे, ते हवा सोडायला हायत म्हणे." ते जुन्या लोकांना जाऊन भेटत होते, नहरीच्या कडेने चालत होते. मी शेजाऱ्यांना सांगायचे, ते वहीत लिहायचे आणि पुढचा प्रश्न द्यायचे. दोन म्हातारी माणसं माझ्यामार्फत बोलत होती आणि मला दोघांच्याही मागे धावावं लागत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस आम्ही चालत होतो. फुटपाथवरचा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, म्हणून ते माझा दंड धरून चालत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत त्या लोकांना काय म्हणतात? आफ्रिकेतून आलेल्यांना?"

"हबशी," मी म्हणाले. "हबश म्हणजे इथिओपिया. अॅबिसिनिया."

"नुसतं तेवढंच?"

मी म्हणू शकले असते की हो, नुसतं तेवढंच. पण त्यांनी विचारलं ते असं, की उत्तर आधीच माहीत असावं.

"नाही," मी म्हणाले. "शिवीसारखंही वापरतात. माझी आत्या मला म्हणायची. मी उन्हात खेळून आले की म्हणायची, बघा कशी हबशासारखी झाली पोरगी, हिला कोण करून घेणार."

"आणि तू काय करायचीस?"

"मोरीत जाऊन तोंड धुवायचे. रडायचे."

गोठलेला एक पट्टा त्यांनी जपून ओलांडला. मग म्हणाले, "कशाचं रडायचीस? काळी म्हटल्याचं, की त्यांच्यासारखी म्हटल्याचं?"

मी थांबले. मला चाळीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नव्हतं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"घाई नाही. विचार कर."

आम्ही चालत राहिलो. रागावले असतील असं मला वाटलं, पण त्यांच्या दारापाशी आल्यावर त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "शनिवारी येतेस ना? तूच बोल त्यांच्यापुढे. मी वाचून सांगण्यात काय अर्थ आहे? तू तिथली आहेस."

मी आढेवेढे घेतले. मी इतिहासवाली नाही, माझं त्या माणसाशी काही नातं नाही, तिथे बसलेल्यांना वाटेल ही कोण आली आम्हाला आमचं सांगायला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "यार, तू मीटिंगमध्ये पन्नास लोकांसमोर बोलतेस. इथे काय होतंय?" पण मीटिंगमध्ये मला रडण्याबद्दल कुणी विचारत नाही.

शेवटी गेले. मुलगीही आली, लॅपटॉप सांभाळायला. चर्चचं तळघर उजेडाचं होतं, वर छोट्या खिडक्या, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफी आणि केक. वीसेक माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. मी नकाशा दाखवला. इथिओपिया, मोखा, बगदाद, अहमदनगर, खडकी. मग बाबांनी पाठवलेले फोटो. खापराचा नळ, झरोका, बंबे. ते सुतळी बांधलेल्या फोनचं सांगितलं तेव्हा सगळे शेजाऱ्यांकडे वळून हसले.

पुढच्या रांगेत जांभळी टोपी घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. निवृत्त शाळामास्तरीण, असं नंतर कळलं. त्यांनी हात वर केला.

"त्याने बांधली म्हणता. त्याने स्वतः खणली का?"

"नाही. तो वजीर होता तेव्हा."

"मग खणली कुणी? ती माणसं मोकळी होती का?"

मी इतकं वाचलं होतं, आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. मी खरं ते सांगितलं. मला माहीत नाही. आमच्याकडे दगड फोडायचं, माती उचलायचं काम ठरावीक जातींच्या माथी होतं. त्यांनीच केलं असणार. ते विकले जात नव्हते, पण त्यांना दुसरं काम करायची मुभाही नव्हती. त्यांची नावं कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत.

"म्हणजे गुलामगिरीतून वर आलेल्या माणसाने शहर बांधलं," त्या बाई सावकाश म्हणाल्या, "आणि शहर बांधणारे पुन्हा बिननावाचेच."

मग शेजारी मागून म्हणाले, "मी एकोणिसाव्या वर्षी चर खणला. त्या लाइनीवर ज्याचं नाव आहे तो साइटवर एकदाच आला होता. पण बाई, पाणी मीही प्यायलो."

त्यावर बरंच बोलणं झालं. कुणी म्हणे हा माणूस अभिमानाचा, कुणी म्हणे अभिमान जपून बाळगावा. एकाने विचारलं, तो परत का गेला नाही घरी? सत्ता हातात आल्यावर तरी? मी म्हणाले, तिथे त्याचं कोण उरलं असेल ते मला माहीत नाही. त्याची बायकामुलं दख्खनचीच झाली. तो तिथेच वारला, खुलताबादला कबर आहे, आमच्या गावापासून तासाभरावर. मी कितीदा त्या रस्त्याने वेरूळला गेले, पण ती कबर कधी बघितली नाही.

मग मी ते हबशीचं सांगितलं. ठरवलं नव्हतं. आत्या, मोरी, सगळं. आणि शेजाऱ्यांकडे बघून म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, कशाचं रडायचे. दोन्हीचं. काळी म्हटल्याचं, आणि त्यांच्यासारखी म्हटल्याचंही. 'त्यांच्यासारखी' म्हणजे कुणासारखी हे मला माहीतच नव्हतं, तरी रडायचे."

माझी मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्याच रंगाची आहे.

जांभळ्या टोपीवाल्या बाई उठल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी केकचा एक तुकडा कागदी प्लेटमध्ये घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खा आधी." मी उभ्याउभ्याच तो खाल्ला.

गाडीत मुलीने विचारलं, "आई, डिड आत्याआजी एव्हर से सॉरी?"

"नाही. तिला आठवतही नसेल."

"यू शुड टेल हर."

मी आत्याला सांगितलं नाही. आत्या आता पंच्याऐंशीची आहे, तिला माणसंही ओळखू येत नाहीत. पण बाबांना सांगितलं. बाबांनी मागे चाललेला टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मी घरातच असायचो तेव्हा. ऐकायचो. मला वाटायचं, ताई चेष्टा करते." एवढंच म्हणाले आणि गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

शेजाऱ्यांना ते सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी पासपोर्टचा फॉर्मही आणला होता. पण एप्रिलमध्ये त्यांच्या हृदयात स्टेंट घातला आणि डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला नाही म्हटलं. त्यांच्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "प्लीज, आता त्यांच्यापुढे इंडियाचा विषय काढू नका." मी काढला नाही. त्यांनीच काढला. जूनमध्ये आम्ही गावी निघालो तेव्हा माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत दोन पानं भरून प्रश्न होते, नंबर घालून.

गावी पोचल्यावर बाबा मला नहरीच्या कडेने घेऊन निघाले. मी इतकी वर्षं ज्यांना नुसते जुने दगड समजत होते, त्यांची ओळख ते मला करून देत होते. त्यांना दम लागत होता, पण थांबायला तयार नव्हते. "इथून वळते. इथं लोकांनी भराव टाकला. इथं अजून हाय." मुलगी फोटो काढत होती आणि मी प्रश्नांच्या पुढे उत्तरं लिहीत होते. बऱ्याच प्रश्नांपुढे 'कुणाला माहीत नाही' असंच लिहावं लागलं.

एक दिवस तिघं खुलताबादला गेलो. कबरीची इमारत घुमटाची, दगडी, रस्त्यापासून जराशी आत. आजूबाजूला शेत. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. आत गारवा होता. बाबांनी बाहेर चपला काढल्या आणि डोक्यावर रुमाल घेतला. ते नास्तिक नाहीत आणि फार भाविकही नाहीत. कबरीपाशी उभे राहून त्यांनी एकदम मला विचारलं, "इतक्या लांबून आला. ह्याला कुठली भाषा येत असंल गं शेवटी? कुणाशी बोलत असंल घरातलं?"

मी म्हणाले, कदाचित दख्खनी. कदाचित मराठीही.

"स्वप्नात कुठली बोलत असंल," बाबा म्हणाले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

ट्रॉयला परत आल्यावर मी पाकीट आणि फोटो शेजाऱ्यांना नेऊन दिले. ते बारीक झाले होते, पण वही तीच होती. प्रत्येक फोटो त्यांनी भिंग लावून बघितला. कबरीच्या फोटोवर थांबले. पायऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "स्वच्छ आहे. झाडतं कोण?"

दोन पानं प्रश्न होते आणि हा त्यांत नव्हता. मला माहीत नव्हतं. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, बघतो. मला वाटलं, कुणाला तरी फोन करून विचारतील. पण पुढच्या मंगळवारी ते एसटीने एकटेच खुलताबादला गेले, सकाळच्या पहिल्या गाडीने, म्हणजे झाडणारं माणूस सापडावं म्हणून.

सापडलं. शेजारच्या वस्तीतली एक बाई, पन्नाशीची असेल. आतलं सरकारी माणूस बघतो, पण पायऱ्या आणि समोरचं अंगण ती झाडते. तिची सासू झाडायची, म्हणून ती झाडते. बाबांनी तिला विचारलं, इथे कोण आहे माहीत आहे का. ती म्हणाली, मोठा माणूस होता, पाणी आणलेला. मग तिने बाबांना विचारलं, तुम्ही कशापायी चौकशी करायलात? बाबांनी सांगितलं की अमेरिकेत एक गृहस्थ आहेत, पाण्याच्या खात्यातले, त्यांनी विचारलंय.

"ह्यांचे कोण लागतात ते?" बाईने कबरीकडे बोट करत विचारलं.

मी फोनवर बाबांना विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार? मी म्हटलं, गाववाले हायत. बरोबर सांगितलं का गं?"

मी शेजाऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं, आणि 'गाववाले' म्हणजे काय तेही. त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग वहीत, झाडणाऱ्या बाईच्या माहितीखाली, इंग्रजी अक्षरांत लिहिला, आणि विचारलं, "तिचं नाव विचारलं का त्यांनी?"

बाबांनी विचारलं होतं. मी ते त्यांना सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.